‘खांड’चा शेवट

“तुम्ही लिहिलंय ती बाई पाण्यात बुडाली. ती बुडाली नाय. ती माझी आत्या हाय आणि पेणकडं जित्याजवळ राहते.”

एवढ्या तीन वाक्यांचं पत्र मला सांगलीत आलं आणि आठव्या दिवशी मी पेणच्या एसटी स्टँडवर उतरले. मधला प्रवास सांगण्यासारखा नव्हता, म्हणून तो सोडून देते. पण त्या पत्रामागची हकिगत मात्र सांगायला हवी.

सांगलीच्या एका वाचनालयात मी तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. त्याच टेबलावरून, कुणी न मागता, लोकांना सिनेमेही सुचवले. माझ्या वहीतले सिनेमे कुणी पाहिलेले नसत. बहुतेक चालले नव्हते, काहींची नावंसुद्धा लोकांच्या कानावर नव्हती. कादंबरी परत करायला आलेला माणूस माझ्या तावडीत सापडला की पंधरा मिनिटं सुटत नसे. निवृत्त झाल्यावर आम्ही सात जणांनी एक मंडळ काढलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि एक विसरलेला सिनेमा पाहायचा. माझी पाळी आली की बाकीचे आधीच विचारत, पुन्हा ‘खांड’ नाही ना?

‘खांड’ हा माझा सगळ्यात लाडका सिनेमा. कृष्णधवल, जुना, मुंबईत जेमतेम आठवडाभर टिकला असं म्हणतात. खाडीकाठच्या शेतांत खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात. उधाणाच्या भरतीला बांध फुटून जे भगदाड पडतं ते म्हणजे खांड. सिनेमात दोन भाऊ भांडतात, सामाईक बांधाकडे कुणी बघत नाही, खांड पडते. धाकटा मुंबईला निघून जातो, थोरला हातपाय गाळून बसतो आणि थोरल्याची बायको सगळ्या गावाला चिखलात उतरवते. बांध सांधायचा तो प्रसंग अकरा मिनिटांचा आहे आणि त्यात एकही शब्द नाही. नुसते हात, टोपल्या, चिखल आणि पाणी.

हा सिनेमा एकदा टीव्हीवर दुपारी लागला, तेव्हा मी व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतला होता. पुढे भाच्याने त्याची सीडी करून दिली, मग तो पेन ड्राइव्हवर आला. घोटाळा एकच होता. कॅसेट शेवटच्या काही मिनिटांआधी संपली होती. काम झाल्यावर ती बाई बांधावर बसते, बराच वेळ पाण्याकडे बघते, उठते, पाण्याच्या दिशेने चालू लागते, आणि चित्र जातं. मी सगळ्यांना सांगत आले की पुढे ती बुडते. त्या चेहऱ्यावर मला तेच दिसायचं. मंडळातले आमचे निवृत्त प्राध्यापक म्हणत, तू जेवायला बोलावतेस आणि भात यायच्या आधी पानावरून उठवतेस.

गेल्या दिवाळी अंकात मी या सिनेमावर लेख लिहिला. श्रेयनामावलीत त्या बाईचं नाव नाही, ‘आणि गावकरी’ एवढंच आहे, तिच्याबद्दल कुणाला ठाऊक असेल तर कळवा, असं शेवटी म्हटलं होतं. तो अंक फिरत फिरत रोह्याच्या एका केशकर्तनालयात पोचला आणि दाढीला नंबर लावून बसलेल्या दिलीपच्या, म्हणजे पत्र लिहिणाऱ्याच्या, हाती पडला.

पेण

फोनवर ठरल्याप्रमाणे दिलीप मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभा होता. चाळिशी उलटलेला, मजबूत बांध्याचा, निडीला घर आणि रोह्याच्या एका कंपनीत नोकरी. रात्रपाळी करून थेट आला होता, तरी उत्साह उतू जात होता. “ताई, आधी नाश्ता,” म्हणाला आणि मला पोह्यांच्या बशीपुढे बसवलं. सोबत तळलेला पोह्याचा पापड. पेणच्या बायकांचे पापड मी सांगलीत विकत घेऊन खाल्ले आहेत, पण तिथे ते प्रवासाने थकून आलेले असतात हे पेणला कळलं.

दिलीप माझ्याइतकाच सिनेमावेडा निघाला. फक्त त्याच्या यादीतल्या प्रत्येक सिनेमात निदान पाच मारामाऱ्या होत्या, आणि त्यांतला एकही मी पाहिला नव्हता. आपले सिनेमेही कुणी बघत नाहीत, चांगले असून पडले, अशी त्याची तक्रार होती. ती ऐकताना मला आरशात बघितल्यासारखं वाटलं. त्याने सुचवलेले तीन मी वहीत लिहून घेतले आणि माझे तीन त्याला लिहून दिले. आत्याचा सिनेमा त्याने बघितला होता का? नाही. त्याने काय, गावात कुणीच नाही. खुद्द आत्यानेही नाही.

मी बशी खाली ठेवली आणि विचारलं, ते कसं?

शूटिंग झालं तेव्हा सिनेमावाल्यांनी गावाला शब्द दिला होता, की मशीन घेऊन येऊ आणि इथेच पडदा लावून दाखवू. ते आले नाहीत. आत्या दोन वर्षं वाट बघत होती. मग गावात तिला ‘हिरॉईन’ म्हणून चिडवायला लागले आणि तिने तो विषयच बंद केला. दिलीपने लेखाबद्दल सांगितलं तेव्हाही ती काही बोलली नव्हती. मी येणार हे तिला कळवलं आहे का, असं मी विचारलं. दिलीपने पापडाचा तुकडा मोडला आणि उद्या बघू म्हणाला.

जिते

दुसऱ्या दिवशी दिलीप मला घेऊन निघाला. जित्याहून खाडीकडे वळलं की जमीन सपाट होत जाते आणि आभाळ वाढत जातं. जानेवारीतली कापून झालेली भाताची शेतं, त्यापलीकडे मिठागरांचे चौकोन, चौकोनांत उन्हाने लखलखणारं पाणी. आमच्याकडे कृष्णेचं पाणी यावं म्हणून माणसं वाट बघतात, इथे पाणी येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती घालत आली आहेत. बांध दिसला आणि मी तो ओळखला. माझ्या पडद्यावर तो करडा होता, इथे त्याच्यावर हिरवं गवत होतं.

हिराबाई दारात सुकट निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, सडपातळ, पाठ अजून सरळ. तो चेहरा मी शंभर वेळा पाहिला होता. मला वाटत होतं, आपण ओळखल्याचं त्यांना दिसेल आणि त्या हसतील. त्यांनी मान वर केली, दिलीपला जेवलास का विचारलं आणि पुन्हा सुकट निवडायला लागल्या. मी लेख काढला, वाचून दाखवू का विचारलं. त्या नको म्हणाल्या. पिक्चरवाले असेच आले होते, गोड बोलत होते, असं त्यांनी दिलीपकडे बघत सांगितलं. पाच मिनिटांत भेट संपली.

मी बाहेर पडले. एवढ्या लांब आलोच आहोत तर निदान तो बांध तरी पायाखालून घालावा, म्हणून एकटीच चालत गेले. जिथे ती बाई बसते ती जागा शोधण्याच्या नादात बांधावरून खाली उतरले. ओहोटी होती, चिखल सुकलेला दिसत होता. दुसऱ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला गेले तर डावाही गेला. मी हाका मारल्या. ओढले की पाय आणखी खाली जात होते.

बांधावर हिराबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या घाबरल्या नाहीत. मला म्हणाल्या, उभी राहू नको, पुढे झोप, टाच हलव, मग पाय ओढ. साडीसकट चिखलात पालथी पडायचं मला जिवावर आलं होतं. “झोप गो बाय, खाडी काय खात नाय तुला,” त्या म्हणाल्या, आणि मी झोपले. टाच हलवली. एक पाय सुटला, मग दुसरा. उजवी चप्पल मात्र खाडीने ठेवून घेतली. मी रांगत वर आले तेव्हा हिराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. थोड्या वेळाने मीही हसायला लागले.

त्यांनी मला घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. मग तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढे ठेवलं. आमची ज्वारीची भाकरी पोटात जाऊन बसते, ही तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी कधी संपली कळत नाही. मी तिसरी घेतली तेव्हा हिराबाई आपणहून बोलू लागल्या.

त्या वर्षी बांध खरोखरच फुटला होता. सिनेमावाले खोटी खांड पाडायच्या तयारीत होते, तेवढ्यात उधाणाने खरी पाडली. गाव चिखलात उतरलं. दिग्दर्शकाने कॅमेरावाल्याला तेवढं वर ठेवलं आणि बाकी सगळे टोपल्या घेऊन गावकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहिले. म्हणजे ती अकरा मिनिटं, ज्यांच्यातल्या मांडणीबद्दल मी वर्षानुवर्षं लोकांना व्याख्यानं दिली, ती कुणी मांडलेलीच नव्हती. माणसं आपलं शेत वाचवत होती.

मी शेवटाबद्दल विचारलं. ती बाई उठून चालू लागते, त्याच्यापुढे काय होतं?

हिराबाईंनी माझ्या पानात आणखी कालवण वाढलं. मग म्हणाल्या, “आधी मना दाखव. मग सांगतंय.”

पुन्हा पेण

पेन ड्राइव्ह माझ्या पिशवीत होता, पण गावात दाखवायची सोय नव्हती. दिलीपला त्याचा मित्र मनोहर आठवला. मनोहरचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. लांबलचक पत्र्याची शेड, एका अंगाला पांढरी भिंत. शेजारच्या गणेश मंडळाचा प्रोजेक्टर मनोहरने आणवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची वेळ ठरली, कारण हिराबाईंच्या गावच्या बायकांना तिन्हीसांजेच्या आत घरी परतायचं होतं.

दोन वाजल्यापासून खिडक्यांना ताडपत्र्या लावायचं काम चाललं. गणपतींचं काम महिन्याभराचं नसून बारा महिन्यांचं असतं हे मी तिथे पाहिलं. फळ्यांवर बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगा, कुणाला अजून सोंड नाही, कुणाला हात नाहीत. कारागिरांनी त्या भिंतीपासून उचलून मागे नेल्या आणि पुढे सतरंज्या घातल्या. टेम्पो भरून गावाहून बायका आल्या, चारपाच म्हातारे आले. दिलीपने कंपनीतले आठनऊ मित्र आणले होते. त्यांतला शशी नावाचा एक जण दारातच म्हणाला, आत्यांसाठी आलोय, पण मला ब्लॅक अँड व्हाईटमध्ये झोप येते, घोरलो तर उठवा. सगळे हसले. मी मात्र मागे जाऊन प्रोजेक्टरपाशी उभी राहिले. सांगलीत सहा माणसांपुढे हरणं निराळं. इथे ज्यांचा सिनेमा त्यांनाच तो कंटाळवाणा वाटला, तर पुन्हा कुणाला काही सुचवायचं तोंड मला उरणार नव्हतं.

सिनेमा सुरू झाला आणि पत्र्याच्या एका भोकातून उन्हाची तिरीप नेमकी भिंतीच्या मध्यावर पडली. हिरोच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा दिसायला लागला. मनोहर शिडी लावून चढला आणि शाडूच्या ओल्या मातीचा गोळा त्या भोकात दाबून बसवला. “खांड बुजली,” अंधारातून एक म्हातारा म्हणाला.

पहिला अर्धा तास शांततेत गेला. शशीने दोनदा घड्याळ पाहिलं ते मला दिसलं. हिराबाई सगळ्यात पुढे, गुडघे उभे करून बसल्या होत्या. पडद्यावर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या शेजारणीने त्यांच्या दंडाला धरलं.

मग बांध फुटला आणि ती अकरा मिनिटं सुरू झाली. माझ्या मंडळात इथे माणसं चहा आणायला उठतात.

रांगेतला पहिला माणूस पडद्यावर दिसला आणि एक बाई म्हणाली, हा माझा सासरा. पुढच्याला कुणीतरी भाऊ म्हणालं. मग थांबेना. टोपली पुढे जायची आणि प्रत्येक हाताला मागून नाव मिळायचं. जी माणसं केव्हाच गेली होती ती पंचविशीतली, उघडीवाघडी, घामाने चमकत समोर उभी होती. एका म्हाताऱ्याने स्वतःला ओळखलं आणि शेजाऱ्याला सांगितलं, बघ, माझे केस. कंपनीतली पोरं पुढे सरकून बसली होती. टोपली उलट्या हाताने का देतात असं शशीने विचारलं, आणि चार बायकांनी एकदम त्याला समजावलं की चिखल टोपलीला धरून बसतो, मनगट असं फिरवलं तरच सुटतो. मी हा सिनेमा इतक्या वेळा पाहिला, हे मनगट मला एकदाही दिसलं नव्हतं.

शेवटी पडद्यावरची हिराबाई बांधावर बसली. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. उठली, चालू लागली, आणि नेहमीच्या जागी चित्र गेलं. भिंत निळी झाली.

कुणीच उठेना. मी उभी राहिले, तोंडात शब्द जुळवत होते, तेवढ्यात हिराबाई उठल्या. त्या भिंतीपाशी गेल्या आणि लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. ती बाई पाण्याकडे चालत गेली, कारण बांधाच्या त्या टोकाला उघाडी होती. उघाडी म्हणजे आत अडकलेलं पाणी बाहेर सोडायची लाकडी फळी. खांड बुजली तरी खारं पाणी शेतात कोंडलेलं होतं आणि ओहोटी लागली होती. ती वेळ गाठायची होती. तिने फळी उचलली. ती जड होती, म्हणून तिने मागे वळून हाक मारली आणि कामाला न आलेला नवरा धावत आला. दोघांनी मिळून फळी वर ओढली. पाणी धो धो निघालं. हे सांगताना हिराबाईंचे हात वर गेले होते आणि दंडाच्या शिरा ताणल्या होत्या.

मग दिग्दर्शक म्हणाला होता, आता तू पाण्याकडे बघून रड.

“मी बोलले, नाय रडायची,” हिराबाई म्हणाल्या. “काम पुरा झाल्यावर कोन रडतंय? भूक लागते.”

तो दिग्दर्शक दोन तास तिची समजूत घालत होता. शेवटी त्याने हार मानली आणि विचारलं, मग तू काय केलं असतंस? तिने कंबरेचं फडकं सोडलं, भाकरी काढली, अर्धी नवऱ्याच्या भूमिकेतल्या नटाला दिली, अर्धी आपण घेतली. शेतातलं पाणी उतरेपर्यंत दोघं खात बसली. दिग्दर्शकाने तोच शेवट घेतला.

हिराबाई थांबल्या. शेडमध्ये टाळ्या वाजल्या त्या पत्र्यावर गारा पडाव्यात तशा. बायका उठून त्यांच्याभोवती जमल्या. मी जागेवरच होते. इतकी वर्षं मी त्या बाईला बुडवत आले होते आणि ती तिकडे भाकरी खात होती. माझी चूक मी सगळ्यांसमोर कबूल केली आणि मला त्यात जराही कमीपणा वाटला नाही. इतका आनंद मला बरोबर ठरून कधी झालेला नाही.

शशी माझ्यापाशी आला. मला वाटलं थट्टा करील. त्याने विचारलं, उद्या रोह्याला आमच्या शिफ्टला दाखवाल का? आत्यांना घेऊन?

निडी आणि रोहा

रोह्याचा खेळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचचा ठरला, म्हणून दुपारी दिलीपने आम्हा दोघींना निडीला घरी नेलं. शेतात वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि त्याने पोपटीचा बेत केला होता. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात शेंगा, अंडी, मीठ, ओवा भरायचा, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. आमच्या हुरड्याची ही खाडीकडची बहीण म्हणावी. हुरडा हातावर चोळून चिमूटचिमूट खातात, पोपटी मात्र कागदावर ओतली की पाचदहा हात एकदम पडतात. वाफेला भांबुर्डीचा कडवट वास होता. हिराबाई मला शेंगा सोलून देत होत्या आणि पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पडद्यावर मी जाडी दिसते का गो?

रोह्याला ती संध्याकाळ एका सभागृहात झाली. शिफ्ट सुटलेले, शिफ्टला जाणारे, त्यांच्या बायका. खुर्च्या संपल्या, मग लोक भिंतीला टेकून उभे राहिले. प्रस्तावना मी करायची होती, पण माइक शशीने घेतला. तो म्हणाला, मला असल्या पिक्चरला झोप येते, काल आली नाय, बघा तुम्हाला येते का. मी तीस वर्षांत केलेल्या कुठल्याही शिफारशीपेक्षा ती चांगली होती. चित्र गेलं तेव्हा हिराबाई पुढे गेल्या आणि त्यांनी शेवट सांगितला, कालच्यापेक्षा जास्त ठसक्यात. या वेळी भाकरीबरोबर कांदाही होता. दिलीपने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं, माझ्या सांगलीच्या मंडळासाठी. प्राध्यापकांना भात वाढायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आणि मी रोह्याहून पेणच्या एसटीत बसलो. मला खिडकी मिळाली. हिराबाईंच्या शेजारी मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं घेतलेली एक अनोळखी बाई होती. गाडी गावाबाहेर पडायच्या आत मला ऐकू आलं:

“‘खांड’ बगलास का गो? पिक्चर. नाय बगला? मग काय बगलास तू?”

मी नेहमी दिग्दर्शनापासून सुरुवात करते. हिराबाईंनी भांडणापासून केली. दोघा भावांचं काय बिनसलं, जाऊ कशी होती, उधाण किती वाजता आलं. पुढच्या बाकावरच्या दोघी वळल्या. मागचा माणूस दांड्याला धरून वाकला. नागोठण्याच्या आधी बांध फुटला होता आणि अर्धी गाडी चिखलात उतरली होती. आणि नेमकी ती बाई उठून पाण्याकडे चालू लागली तिथे हिराबाई गप्प झाल्या. कोथिंबीरवाली म्हणाली, मग? हिराबाईंनी तिला सांगितलं की पुढचं पडद्यापाशी सांगणार, इथे नाही.

पेण आलं. आम्ही उतरत होतो तेव्हा कंडक्टरने दार धरून विचारलं की परत कधी लावणार आहेत, मला सुट्टी टाकावी लागेल. मी सांगायला तोंड उघडलं, की माझं दुपारच्या गाडीचं सांगलीचं तिकीट आहे.

“रविवारी,” हिराबाई म्हणाल्या. “आमच्या गावात. बांधावर पडदा लावतोय.”